सत्तर पानं आणि एक ध्रुपद

"सगळ्या पानांवर बदललंस?" बुवांनी विचारलं.

"सगळ्या," यशोधन म्हणाला.

"नीट आठव."

"बुवा, मी स्वतः बदललंय. एकेक पान उघडून. माझ्या हातानं."

"धर्मशाळेच्या पानावर?"

यशोधननं बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं...

मी ओसरीवर वाती वळत बसले होते. त्याचं ते मिटलेलं तोंड बघितलं आणि मी हातातली वात खाली ठेवली.

झालं होतं ते असं. आमचा मठ वारणेकाठी. इकडं यायचं तर नदीवरचा जुना पूल ओलांडून यायचं, ही वर्षानुवर्षांची वाट. पण आठवड्यापूर्वी पूल दुरुस्तीला काढला. मधला भाग उकरून ठेवला, अलीकडं-पलीकडं आडवा एकेक बांबू बांधला, की झालं त्यांचं काम. आता यायचं म्हणजे खिंडीतल्या रस्त्यानं, लांबून.

आणि निपाणीचे रावजी मास्तर आणि त्यांच्या केसरबाई दुपारी भाड्याची गाडी करून आमच्याकडं निघाले होते. मास्तरांचं वय झालेलं, छातीचं दुखणं. गाडीवाला या भागात नवा. त्यांच्या मुलाचा मगाशी बुवांना फोन आला होता, आईबाबा पोचले का म्हणून. "मठाच्या वेबसाइटवर धर्मशाळेचं पान बघून मीच ड्रायव्हरला वाट सांगितली," तो म्हणाला होता. "पुलावरनं जा म्हटलं. आता कुणाचाच फोन लागत नाही."

पुलाच्या बाजूला फोन लागतच नाही. दिवस मावळत आला होता, आणि अंधारात तो बांबू दिसायचा तरी कुणाला?

बुवांनी फोन ठेवल्या ठेवल्या मठाची जीप चालवणाऱ्या बाबालालला खिंडीतनं पुलाच्या पलीकडं पिटाळलं. मग यशोधनला हाक मारली.

हा यशोधन पुण्याचा. कंपनीतली चांगली नोकरी सोडून दाजीबुवांच्या पायाशी शिकायला आलेला. हुशार, कामाला वाघ, आणि अंगात ताठा. मी त्याला दोन वेळा वाढते, म्हणून हक्कानं सांगते. मठाची वेबसाइट त्यानं एकट्यानं बनवली. उत्सवाचं पान, अन्नछत्राचं पान, धर्मशाळेचं, शाखांची, गोठ्याचंसुद्धा. आमच्या गाईंचे फोटो इंटरनेटवर आहेत, माझा अजून नाही.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक पट्टी असते. मठाचा फोन, जेवणाच्या वेळा, यायची वाट. पट्टी सगळीकडं तीच, पण हा ती प्रत्येक पानावर पुन्हा हातानं लिहायचा. शाळेतले कांबळे सर एकदा त्याला म्हणाले होते, "अरे, ही एका जागी लिहून सगळ्या पानांना तिथनं घेता येते की."

"आळशी लोकांचं काम आहे ते, सर," हा म्हणाला होता. कांबळे सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

"धर्मशाळेचं राहिलं," यशोधन शेवटी म्हणाला. आवाज पार खाली गेला होता. "सत्तरेक पानं आहेत, बुवा. तेवढं एकच राहिलं असेल."

"मास्तर तेवढं एकच वाचून निघाले."

"मी सायकल घेऊन जातो पुलावर."

"बाबालाल गेलाय. तू आधी ते पान नीट कर."

तो आत पळाला. जरा वेळानं परत आला, तो घामाघूम.

"केलं?"

"केलं. आता बाकीची सगळी पुन्हा तपासतो. आज जेवायला येत नाही."

"उपास कशाचा?"

"चूक माझी आहे."

"बरं. पूल तयार झाला की?"

"पुन्हा बदलीन."

"सगळी?"

"सगळी."

"पुढं जेवणाची वेळ बदलली की?"

"बदलीन, बुवा. मला कंटाळा येत नाही."

मी मनात म्हटलं, कंटाळा येत नाही म्हणे. इथं दोन म्हातारी माणसं कुठं अडकलीत त्याचा पत्ता नाही, आणि याला आपल्या चिकाटीचं कौतुक. खरंच राग आला मला त्याचा.

पण तो तेवढ्यावर थांबला नाही. मान खाली घालून म्हणाला, "तुम्हीच सांगितलंय ना, बुवा? नाम लिहायचं तर दर वेळी नव्यानं लिहायचं. ठसा करून उठवायचं नाही. मी पानंही तशीच लिहितो. एकाही पानावर उचलून चिकटवलेलं काही नाही. ही माझी सेवा आहे."

हात्तिच्या, असं आहे होय. पोरगा इतके दिवस फोन नंबरचा जप करत बसला होता. माझा राग निम्मा तिथंच उतरला.

"नाम कुणासाठी लिहितोस?" बुवांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

"आणि वाट?"

"येणाऱ्यासाठी," तो म्हणाला. फार हळू म्हणाला.

मठाची घंटा झाली. बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल, भजनाची वेळ झाली."

"आत्ता? मास्तर अजून..."

"काळजी टाळ हातात घेऊनही करता येते. घे टाळ."

आमच्या मठाचं सांजेचं भजन जुन्या स्वामींनी रचलेलं. रोजचंच. कडवी बुवा एकटे म्हणतात आणि प्रत्येक कडव्यानंतर सगळ्यांनी मिळून ध्रुपद म्हणायचं:

उघड्या दारी दिवा ठेविला, ये गे माये घरी.

कडवी बुवांशिवाय कुणाला पाठ नसतील. ध्रुपद मात्र गावात सगळ्यांना येतं. भांडी घासताना म्हणतात, शेतात म्हणतात.

त्या दिवशी माझं लक्ष भजनात कसलं असणार. डोळे दरवाजाकडं आणि कान रस्त्याकडं. यशोधन टाळ धरून उभा होता, पण वाजवत होता की नाही कुणास ठाऊक. पहिलं कडवं झालं, ध्रुपद झालं. दुसरं झालं, ध्रुपद झालं. तिसरं बुवा नेहमीप्रमाणे गाळून चौथ्यावर गेले. ते ते नेहमीच गाळतात. मला माहीत आहे, पण आपण कशाला बोला?

चौथं कडवं संपलं. सगळ्यांनी ध्रुपदासाठी तोंड उघडलं, तोच बुवांनी हात वर केला आणि एकट्यानंच सूर धरला:

"खिंडीकडुनी वाट ठेविली, ये गे माये घरी."

टाळ अडखळले. पखवाज थांबला. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"बुवा, चुकलं," मागनं तातोबा म्हणाला. तातोबाला धड ऐकू येत नाही, तरी त्याला हे ऐकू आलं.

"उघड्या दारी आहे ते," आणखी कुणी म्हणालं.

"दिवा राहिला, बुवा," बायकांतनं आवाज आला.

"चुकलं नाही," बुवा म्हणाले. "बदललंय. पूल बंद आहे."

तातोबाच आधी हसला, आणि त्याच्यामागं सगळी माणसं हसली. पखवाजावर थाप पडली. पुढच्या कडव्यानंतर सगळा मठ एका सुरात म्हणाला, खिंडीकडुनी वाट ठेविली. त्याच्या पुढच्यालाही तेच. कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

मी यशोधनकडं बघितलं. त्याचे टाळ थांबले होते. तो बुवांकडं बघत होता, टक लावून...

शेवटचं ध्रुपद चालू असतानाच बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बाबालालला हॉर्न वाजवायची भारी खोड, एरवी मी त्याला त्यावरनं बोलते. त्या दिवशी तो आवाज ऐकून मी तशीच दाराकडं धावले. पदरातल्या वाती सगळ्या सांडल्या.

जीपमधनं आधी केसरबाई उतरल्या. मग त्यांनी हात देऊन मास्तरांना उतरवलं. दोघं धडधाकट. मास्तरांच्या सदऱ्यावर बेसनाचा डाग.

"पुलापाशी बांबू बघून गाडीवाल्यानं ब्रेक दाबला," केसरबाई सांगायला लागल्या. "फार पुढं गेलो होतो, बरं का. चाक बांबूला टेकलं. मग तो म्हणाला, मला इथनं पुढची वाट ठाऊक नाही, आणि निघून गेला. आम्ही पुलाजवळच्या चहाच्या टपरीत बसून राहिलो. हे आपले भजी खात. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, पण बायको घाबरलेली दिसली की यांना भूक लागते."

"भजी चांगली होती," मास्तर म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. देवा, किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी आत जाऊन आमटीत पाणी वाढवलं, भाताचा दुसरा टोप चढवला, आणि मग आठवलं की चूल पेटवलेलीच नाही.

यशोधननं दोघांचे पाय धरले ते सोडीना. खांदे हलत होते.

"का रडतंय हे पोर?" केसरबाईंनी विचारलं.

"माझ्यामुळं झालं," तो म्हणाला. "ती वाट मी लिहिली होती. एक पान राहिलं माझ्याकडनं."

मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "अरे, पोचलो ना आम्ही? ऊठ. मला धरून आत ने, इथली पायरी मला दिसत नाही."

त्यानं त्यांना हाताला धरून असं नेलं की पायरी जणू काचेची होती. मास्तरांची गादी घातली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, दिवा कुठं लागतो ते दाखवलं. मग येऊन मुकाट्यानं पंगतीला बसला. उपासाचं कुणी नाव काढलं नाही, त्यानंही नाही.

दुसऱ्यांदा भात घेताना तो म्हणाला, "बुवा, तळाची पट्टी मी आता एकदाच लिहितो. एका जागी. सगळी पानं तिथनंच घेतील."

"बरं."

"मठाच्या नावाची वरची पट्टीही तशीच करतो. आणि उत्सवाच्या तारखा. म्हणजे पूल झाला की मला एकाच ठिकाणी हात लावावा लागेल. सत्तर पानं बघत बसायला नको."

"मग उरलेल्या वेळात काय करशील?"

यशोधन पहिल्यांदाच हसला. "नाम लिहीन."

त्याचा चेहरा असा मोकळा झालेला मी कधी बघितला नव्हता. आल्यापासून पोरगा खांद्यावर काहीतरी ओझं घेऊन फिरायचा, ते आज पंगतीत उतरून ठेवल्यासारखं वाटलं. मी त्याच्या भातावर तूप जरा जास्तच वाढलं.

पण हुशार माणसाला सुख पचत नाही. हात धुवायला उठला आणि परसात मोरीपाशी उभा राहून विचार करायला लागला. बुवा शेजारी चूळ भरत होते.

"बुवा... एक भीती वाटते."

"कसली?"

"आज एका पानावर चुकलं. ते एकच चुकलं. आता सगळं एका जागी लिहिलं आणि मी तिथंच चुकलो, तर? सगळीच पानं चुकतील. सत्तरच्या सत्तर."

बुवांनी चूळ टाकली.

"भजनाचं तिसरं कडवं म्हणून दाखव," मग म्हणाले.

"तिसरं?" यशोधननं डोळे मिटले. ओठ हलवले. बोटांवर पहिलं मोजलं, दुसरं मोजलं, आणि अडला. "तिसरं... बुवा, तिसरं मला आठवत नाही. मी कधी ऐकलंय का ते?"

बुवांनी तांब्या उचलला आणि त्याच्या हातांवर पाणी घातलं.

"ते मी कित्येक वर्षं गाळतोय. आजवर कुणी टोकलं नाही. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ध्रुपदाचे शब्द हलले, तर बहिऱ्या तातोबानंसुद्धा तिथंच भजन थांबवलं."