इंदूरला जाऊन आलेला माणूस

"...पण बुवा, या दोघांतलं फसवं कोणतं, एवढंच सांगा."

माधवगिरी बुवा गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. मोडतच राहिले.

"कोणत्या दोघांतलं?"

"सांगितलं की आत्ता. बँकेच्या कार्डाचे पॉइंट आणि विमान कंपनीचे मैल."

"पुन्हा सांगा. म्हातारा झालोय."

म्हातारा कसला, वेळ काढतोय, असं सबनीसांच्या मनात आलं. उत्तर येत नसलं की माणूस प्रश्न परत विचारायला लावतो. अशी माणसं त्यांनी ढिगानं पाहिली होती.

अनिरुद्ध सबनीस पुण्याचे. मोठमोठ्या कारखान्यांचे हिशेब तपासायचे, हा त्यांचा धंदा, आणि संशय हे त्यांचं हत्यार. हत्यार इतकं परजलेलं, की घरी बायकोनं भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी ते आधी तिच्या तोंडाकडे बघत. ही हे का विचारतेय, याचा त्यांना शोध घ्यायचा असे.

धुळ्याजवळच्या एका सूतगिरणीचं काम आटोपून ते गाडी हाकत परत निघाले होते. गिरणीचा मॅनेजर बोलता बोलता म्हणाला होता, आग्रा रोडवर एका टेकडीवर मठ आहे, तिथले बुवा एक पैसा घेत नाहीत, आणि दोन गोष्टींतली खोटी कोणती ते अचूक सांगतात.

एक पैसा घेत नाहीत... सबनीसांनी तिथल्या तिथे गाडी टेकडीकडे वळवली. भोंदू पकडण्याची अशी संधी कोण सोडतो?

वर आल्यावर त्यांनी आधी दानपेटी शोधली. सापडली नाही. त्यांचा संशय दुप्पट झाला. पेटी नाही म्हणजे पावती नाही, पावती नाही म्हणजे सगळाच आनंद. मठ तरी कसला, दोन खोल्या, एक ओटा, एक कपिला गाय आणि हा भाजी निवडणारा माणूस. ताकाचा पेला पुढे आला, तो त्यांनी हातही न लावता बाजूला सरकवला.

"बरं, पुन्हा सांगतो," सबनीस म्हणाले. "हे कार्ड बघा. यावर खर्च केला, की बँक पॉइंट देते. ते पॉइंट देऊन विमानाचं तिकीट घेता येतं, कुठल्याही कंपनीचं. पॉइंट कधी बाद होत नाहीत, असं बँक म्हणते. पण एका पॉइंटाला काय मोल, ते बँक ठरवते. सकाळी उठून बघावं, तर काल जेवढ्यात दिल्लीला जाता येत होतं, तेवढ्यात आज नाशिकसुद्धा येत नाही."

"आणि दुसरं?"

"दुसरं विमान कंपनीचं. त्यांच्याच विमानानं फिरायचं, की मैल जमतात. भरपूर फिरलं, की असं सोनेरी कार्ड देतात. सोनेरीवाल्याला रांग नाही, बसायला वेगळी खोली, सामान आधी. मोबदला चांगला. पण त्यांच्याच विमानात बसावं लागतं, आणि मैलांना मुदत असते. तेवढ्यात वापरले नाहीत, तर गेले. आणि वापरायला जावं, तर नेमक्या त्या दिवशी त्या जागा संपलेल्या!"

"म्हणजे दोघंही तोंडाला पानं पुसतात."

"तेच तर! पण जास्त कोण? मी चार वर्षं तुलना करतोय. पॉइंट मैलांत बदलून घ्यावेत, तर बदलताना कापतात. न बदलावेत, तर मोल घसरतं. कुठंतरी पाणी मुरतंय, बुवा. पण कुठं, ते सापडत नाही."

बुवांनी एक किडकी शेंग उन्हाकडे धरून पाहिली आणि गाईपुढे टाकली.

"एक म्हणतं, मी संपणार आहे. दुसरं म्हणतं, मी कधीच संपणार नाही..."

"हो."

"माझ्या ओळखीत कधीच न संपणारं काही आलेलं नाही. विमानवाले निदान खरं बोलतात."

सबनीसांना हे उत्तर आवडलं नाही. इतकं सोपं असतं तर चार वर्षं लागली असती का? हा माणूस ताकास तूर लागू देत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"हे कशावरून म्हणता?"

"कशावरून नाही. तुम्ही कशासाठी साठवताय?"

"प्रवासासाठी."

"कुणाच्या?"

हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता.

"अक्कासाठी. माझी थोरली बहीण. आई मी लहान असतानाच गेली. अक्कानं वाढवलं मला. लग्न केलं नाही तिनं... माझ्यामुळेच म्हणा. शाळेत मास्तरीण होती. आता इंदूरला असते, रामबागेत, एकटीच."

"तिला कुठं न्यायचंय?"

"काश्मीरला. तिनं एकदाच काय ते मागितलं माझ्याकडे. मी म्हटलं, नेईन, पण विमानानं नेईन, तेही पुढच्या मोठ्या खुर्चीत बसवून. तिनं जन्मात विमान आतून पाहिलेलं नाही. म्हणून साठवतोय. चांगल्यात चांगला मोबदला मिळेल तेव्हा दोघांची तिकिटं काढायची, असं ठरवलंय."

हे सांगताना सबनीसांचा आवाज मऊ झाला होता. त्यांचं अक्कावर प्रेम होतं. त्याबद्दल मात्र संशय घ्यायला जागा नाही.

"मग दाखवलं काश्मीर?"

"...नाही अजून."

"का?"

"काचबिंदू झाला तिला. गेल्या वर्षी उरलीसुरली नजरही गेली. आता दिसत नाही."

बुवांचे हात थांबले.

"आता काय म्हणते?"

"आता म्हणते, काश्मीर राहू दे, तू ये." सबनीसांनी चष्मा काढून उगीचच पुसला. "गेल्या महिन्यात पडली ती न्हाणीघरात. तेव्हापासून अंथरुणावर आहे. शेजारच्या उषाताई करतात तिचं. त्यांचे सारखे फोन. अक्का खात नाही, तुमचीच वाट बघते, लवकर येऊन जा."

"मग?"

"मला त्या उषाताईंचाच संशय आहे, बुवा. एवढं कोण करतं हल्ली शेजाऱ्याचं? अक्काच्या खोल्यांवर डोळा असेल. मला बोलावून कुठल्यातरी कागदावर सही घेतील. जाणार आहे मी, पण नीट तयारीनं. आणि आता हा मार्चचा हंगाम, तिकीट महाग. पॉइंट वापरावेत, तर मोल पडलेलं. मैल वापरावेत, तर जागा नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतोय, की या दोघांतलं..."

"सोनेरी कार्ड कधी मिळालं?"

"सहा वर्षं आहे. पण दर वर्षी टिकवावं लागतं. ठरलेल्या फेऱ्या व्हाव्या लागतात."

"आणि नाही झाल्या तर?"

"काढून घेतात. साधा माणूस करतात."

"अरेरे," बुवा म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. "यंदा टिकलं?"

"टिकलं म्हणजे, टिकवलं! डिसेंबर संपत आलेला आणि दोन फेऱ्या कमी. मग एका रविवारी उठलो, स्वस्तातलं तिकीट बघितलं आणि जाऊन आलो. फक्त जायचं आणि यायचं. आम्ही सोनेरीवाले करतो तसं. काम नसलं तरी."

"कुठं जाऊन आलात?"

सबनीसांनी मान वळवली.

खाली आग्रा रोडवरून ट्रक चालले होते. त्यांचा आवाज वर येत होता.

"साहेब, कुठं जाऊन आलात?"

"...इंदूरला."

"अस्सं. मग अक्कांना भेटला असाल."

"वेळ नव्हता हो. परतीचं विमान लगेच होतं. एका दारानं बाहेर आलो आणि दुसऱ्या दारानं आत गेलो. मधे एवढासा फुटपाथ. एक रिक्षावाला मागेच लागला, राजवाडा साब, रामबाग साब... दंडाला धरलं त्यानं माझ्या. मी हात झटकला. म्हटलं, हा नक्की जास्त घेणार."

बुवांनी पुन्हा एक शेंग मोडली.

खरं तर सबनीसांनी इथं थांबायला हवं होतं. पण हिशेब अर्धा ठेवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून म्हणा, किंवा ती गोष्ट इतके दिवस घशाशी अडकली होती म्हणून म्हणा, ते पुढे बोलत गेले.

"आत बसलो आणि तिचाच फोन आला. म्हणाली, कुठं आहेस रे? मी म्हटलं, पुण्यात. मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. ती म्हणाली, बरं बरं, जेवलास का? आणि तेवढ्यात वर माईकवर बाई ओरडली, इंदूरहून पुण्याला जाणारे प्रवासी..."

"ऐकलं अक्कांनी?"

"कोण जाणे. ती काही बोलली नाही. फोन तिनं ठेवला."

सबनीसांचे डोळे भरून आले होते. त्याचा त्यांना रागही आला. भोंदू पकडायला आलेला माणूस भोंदूसमोर रडतो, याला काय म्हणावं? त्यांनी दोन्ही कार्डं ओट्यावर ठेवली, एक निळं आणि एक सोनेरी.

"ते जाऊ द्या. तुम्ही फक्त एवढं सांगा. अक्काकडे जायचं, तर यातलं कोणतं वापरू? कशात कमी फसवणूक आहे?"

बुवांनी निवडलेली भाजी टोपलीत भरली. टोपली आत नेऊन ठेवली. बाहेर आले, ते खांद्यावर झोळी घेऊन. दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली सबनीसांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"गाईला संध्याकाळी पाणी दाखवा. भाजी निवडलेली आहे. पीठ डब्यात आहे. देवापुढे दिवा लावा, नाही लावला तरी चालेल."

"पण तुम्ही निघालात कुठं?"

"इंदूरला."

सबनीसांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"कशाला?"

"एक बाई आंधळी आहे, अंथरुणावर आहे, जेवत नाही. कुणीतरी या म्हणते. मला काम नाही. खाली फाट्यावर हात केला, की इंदूरची एस.टी. थांबते."

"अहो, पण..."

"तुम्ही इथं निवांत तुलना करा. इथं कुणी त्रास देत नाही."

बुवा पायऱ्या उतरू लागले. सत्तरी उलटलेला माणूस, पण पाय भराभर पडत होते.

क्षणभर सबनीस किल्ली हातात धरून उभेच राहिले. मग त्यांच्या मनात जुनी पाल चुकचुकली. हा माझ्या अक्काचा पत्ता काढून चाललाय. रामबाग आपणच सांगितलं, उषाताई आपणच सांगितल्या. एकटी बाई, दिसत नाही, घरात कोण नाही... अरे देवा, मी कुणाला काय काय सांगून बसलो!

ते धावले. पायऱ्यांवर एकदा ठेचकाळले. कार्डं वर ओट्यावर राहिली, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. फाट्याजवळ बुवा रस्त्याच्या कडेला उभे होते. लांबून लाल एस.टी. येताना दिसत होती.

"बुवा, थांबा!" सबनीसांनी त्यांच्या झोळीचा पट्टा धरला. "तुम्ही नाही जायचं. तुमचा काय संबंध? ती माझी बहीण आहे. ती माझी वाट बघतेय!"

"बघत नाही हो," बुवा हळू म्हणाले. "तिला दिसत नाही."

"आवाज ओळखेल ती माझा!"

"तुम्ही तिच्याशी काय बोलता? मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो... तेवढं मला येईल."

सबनीसांना धाप लागली होती. पट्टा मात्र त्यांनी सोडला नव्हता.

बुवांनी एस.टी.ला हात केला. गाडी धूळ उडवत कडेला आली, दार उघडलं. बुवांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

"मी उशाशी बसेन, हात हातात घेईन. ती विचारेल, अनू, आलास का रे?... मी हो म्हणेन."