गेमच्या डब्याचं आता काय होणार?

सगळ्यांत शेवटी मला कळतं, हे आधीच कबूल करते. टीव्हीला मागे कुबड होतं आणि घरातल्या वस्तू बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट.

आमचा व्हिडिओ गेमचा डबा अचानक दहा मिनिटं चालून बंद पडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "रविवारपर्यंत बघा, नाहीतर भंगारात द्या."

रविवारी सकाळी त्याचे चाहते शोकेसमध्ये जमले.

"कंपनीनेच याला सोडलंय," जॉयस्टिक म्हणाली.

"नवं मॉडेल येतंय, म्हणून हा रुसलाय," कॅसेट म्हणाली.

"तुला कोण सांगतं गं?"

"मी आत जाऊन येते. तू बाहेर लोंबतेस."

"हा गेला की आपणही त्याच पोत्यात," जॉयस्टिक हळूच म्हणाली.

धूळ जात असेल, असा माझाही एक अंदाज होता. म्हणून मी हौसेने विणलेलं त्याचं लोकरीचं कव्हर आणखी खाली ओढलं.

एवढ्यात जिन्यात भंगारवाल्याची हाक आली. मी घाबरून डब्यालाच विचारलं, "बाबा रे, तुझं पुढे काय होणार?"

"वहिनी," डबा म्हणाला, "कव्हर काढा. उकडतंय."