ठकू लोणारणीची भिंत

आगपेटी गावात यायच्याही फार वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा हिवरतळ्यात विस्तव शेजारणीकडून मागून आणायचा आणि पाणी दीड कोसावरून डोक्यावर वाहून आणायचं. विस्तव मागितला तर कुणीही देई. पाणी मागितलं तर सख्खी बहीणसुद्धा घागर पदराआड करी. नावात तळं आणि गावात ठणठणाट! असलं नाव कुणी ठेवलं, ते ठेवणाऱ्यालाच ठाऊक.

त्या गावात ठकू लोणारीण राहायची. लोणारी म्हणजे चुना भाजणारे. ओढ्याच्या काठानं चुनखडीचे खडे वेचायचे, गाढवावर लादून आणायचे, भट्टीत कोळशाच्या थरावर खड्यांचा थर रचायचा आणि तीन दिवस धग द्यायची, हा तिचा धंदा. भट्टी दगडाचं निम्मं वजन खाऊन टाकते. उरते ती कळी. तिच्यावर पाणी ओतलं की ती फुसफुसते, तापते, रटरट उकळते आणि फुटून तिचं पीठ होतं. तेच पीठ भिंतीत बसलं की वारा खात खात पुन्हा दगड होऊन बसतं. ठकू म्हणायची, "मी कुठं काय करते? दगड इथनं उचलते आन् तिथं नेऊन ठेवते. मधी जरा त्याला पीठ व्हावं लागतं, एवढंच."

असं म्हणतात की नुसत्या टिचकीच्या आवाजावरून ती सांगे, ही कळी भाजली आणि ही कच्ची राहिली. आणि असंही म्हणतात की चुना जिभेवर ठेवून ठेवून तिच्या जिभेला मीठ कळेनासं झालं होतं. तिच्या घरची आमटी एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा जेवायला थांबत नसे. पण चुना न्यायला लोक चार गावं ओलांडून येत.

ओढ्याच्या वरच्या अंगाला चुनखडीची एक टेकडी होती. तिच्या पोटातून पाणी झिरपायचं आणि जिथं जिथं टपकायचं तिथं पांढरा थर धरायचा. झाडाची मुळं, गोगलगायीचं कवच, गळून पडलेलं पान, सगळ्यावर दगड चढायचा. तिथं एक दुभंगलेला धोंडा होता. ठकू लहान असताना त्याच्या फटीत हात घालून बसायची. ती पन्नाशीला आली तेव्हा त्या फटीत सुरीचं पातंसुद्धा शिरत नव्हतं. पाण्यानंच ती भरून काढली होती. धोंडा गावातल्या सगळ्यांनी पाहिला होता. ठकूनं मात्र तो पाहून डोक्यात ठेवला होता.

मग ओळीनं दोन वर्षं पाऊस रुसला. गुरं गेली, दोन म्हातारी माणसं गेली, लेकुरवाळ्या बायका माहेरी जाऊन बसल्या. तेव्हा हैबती पाटलानं गाव गोळा केलं आणि सांगितलं की आता देवाकडं बघत बसायचं नाही, दोन टेकड्यांच्या मधे ओढा अडवायचा. लांबून सटवाजी गवंडी बायकोसकट आणला. दगड घडवण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं, आणि हे त्याला स्वतःला चांगलंच माहीत होतं. चुना अर्थातच ठकूचा.

पहिल्याच दिवशी दोघांची जुंपली. चुना मळायची घाणी असते. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. तिच्यात चुना, वाळू, गूळ आणि बेलफळाचा गर घालून लोण्यासारखं होईपर्यंत मळायचं, ही सगळ्यांची रीत. ठकूची रीत निराळी. ती काही कळी पाण्यात न फोडता तशीच वाळूत घाली आणि चुना गरम असतानाच घाणीतून बाहेर काढी. त्यात हरभऱ्याएवढे पांढरे खडे तसेच राहत.

सटवाजीनं एक खडा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. म्हणाला, भातात गोटे ठेवून वाढते ही बाई. ठकूनं तो खडा त्याच्या हातातून काढून घेतला आणि परत चुन्यात टाकला.

"ऱ्हाऊ द्या, गवंडीदादा. त्यांचं काम आज न्हाई. त्यांचं काम म्होरं हाय."

सटवाजी कुरकुरला, पण पावसाळा तोंडावर आला होता आणि दुसरा चुना मिळणार नव्हता. भिंत उठली. असं म्हणतात की वर उभं राहिलं तर शेजारच्या गावाच्या देवळाचा कळस दिसे. मघांचा पाऊस झाला, तळं काठोकाठ भरलं. लोक काठावर येऊन नुसते बघत राहिले. एवढं पाणी एका जागी पाहिलेलं माणूस त्या गावात नव्हतंच. बायका रडल्या, पाटलानं पेढे कुठून आणले कोण जाणे, पण वाटले.

पाचव्या दिवशी भिंतीला तडा गेला.

दोन पुरुष उंचीचा तिरपा तडा, आणि त्यातून दंडाएवढी धार. गाव भिंतीच्या खालच्या अंगाला. क्षणात पळापळ झाली. पोरं, गुरं, अंथरुणं, जात्याची तळीसुद्धा उचलून लोक माळावर चढले. चार धीट गडी मागं राहिले आणि त्यांनी तड्यात चिंध्या, शेण, काळी माती, हाताला लागेल ते कोंबलं.

माळावर सटवाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, की माझा दगड एक केसभर चुकलेला नाही, खडे कुणी ठेवले होते ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. लोक ठकूकडं बघायला लागले. ज्या बायकांनी काल तिची ओटी भरली होती त्यांनीही तोंडं फिरवली. ठकूला ते फार लागलं. पण ती भांडली नाही, कारण पाटील पहारी गोळा करायला सांगत होता. भिंत आपणहून फुटली तर गाव जाईल, त्यापेक्षा सकाळी बाजूनं फोडून पाणी सोडून द्यायचं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

ठकू त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पाटील, पानी सोडलं तर वरीसभर गावाला काय पाजणार?"

"आन् भिंत फुटली तर प्यायला मानूस उरंल का, ठकू?"

दोघांचंही खरंच होतं. ठकू म्हणाली, "तडा बुजंल. पानीच बुजवंल त्याला. चुन्यातलं खडं आता कामाला लागतील. मला दिवस द्या."

पाटील म्हणाला, "किती?"

"ते चुन्याला ठावं."

असल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार? माळावर कुणी हसलंसुद्धा नाही. तेव्हा ठकूनं एक घोंगडी, पीठ-डाळीची गठुळी, तवा, गाडगं आणि एक घागर घेतली आणि ती माळ उतरू लागली. लोक ओरडत राहिले. ती सरळ भिंतीखाली गेली आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर तड्यातल्या चिंध्या आणि शेण उपसून काढलं. पाणी चुन्यातून वाहिल्याशिवाय तडा सांधणार कसा? धार भसकन मोठी झाली. माळावरच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. ठकूनं तिथंच, भिंतीपासून दहा पावलांवर, तीन दगड मांडून चूल पेटवली. वर तोंड करून ती एवढंच म्हणाली, "मी हितं हाय तवर पहार लावू नका."

पाटलाची पंचाईत झाली. भिंत फोडावी तर बाई वाहून जाणार. बाईला उचलून आणावं तर तिला उचलायला भिंतीखाली जाणार कोण? पहारी माळावरच पडून राहिल्या.

मग ठकूचे दिवस सुरू झाले. रोज सकाळी ती घागर धारेखाली धरायची. पहिल्या दिवशी स्वतःचं नाव घेईपर्यंत घागर भरली. तिसऱ्या दिवशी स्वतःचं, आईचं आणि आजीचं नाव घेईपर्यंत. एक दिवस गणती उलटी गेली, घागर पटकन भरली, आणि त्या दिवशी ठकूनं भाकरी थापली पण खाल्ली नाही. भीती तिलाही होती. नाही कोण म्हणेल? माणूसच होती ती. पण दुसऱ्या दिवशी तिनं तड्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. टेकडीतल्या धोंड्यावर लागायचं तेच. तिनं ती पांढरी पूड जिभेवर ठेवली. त्या जिभेला मीठ कळत नव्हतं, पण हे कळलं.

नवव्या दिवशी माळावर सटवाजीच्या बायकोनं त्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि त्याच्या हातात दिल्या. म्हणाली, "भिंत तुमी बांधलीय. भाकरी तिच्याखाली बसून खावा. हितं मला घास उतरत न्हाई."

बायकोपुढं कुणाचं चाललंय? सटवाजी खाली आला. आला तो भिंतीकडं तोंड करून, पायताणं हातात घेऊन, टेकडीच्या बाजूला बसला. ठकूनं त्याला आपली आमटी वाढली. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली, यावरूनच तो किती घाबरला होता ते समजून घ्या. जेवण झाल्यावर ठकूनं त्याला तड्यापाशी नेलं आणि एक जागा दाखवली. चुन्यातला हरभऱ्याएवढा खडा तिथं अर्धा विरघळला होता आणि त्याच्या खाली तडा पांढरा होऊन सांधला होता.

सटवाजी बराच वेळ तिथं उकिडवा बसून राहिला. चाळीस वर्षं तो भिंती बांधत होता आणि भिंत आपली आपण भरून येते हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"ठकूबाय," तो म्हणाला, "माळावर मी जे बोललो ते वर जाऊन परत घेतो."

"घ्या. पन सावकाश. आधी पायताणं खाली ठेवा."

तो वर गेला, सगळ्यांदेखत आपले शब्द परत घेतले, आणि अंथरूण घेऊन पुन्हा खाली आला. तिथून पुढं चुलीपाशी दोघं झाली. सटवाजीच्या बायकोनं मिठाची पुडी पाठवली होती, ती फार उपयोगी पडली.

हस्ताचा पाऊस आला तेव्हा धार करंगळीएवढी राहिली होती. पण असला पाऊस! असं म्हणतात की तो सुपानं ओतल्यासारखा पडला आणि ओढ्यातून आख्खी बाभळीची झाडं वाहत आली. तळं भरलं, भिंतीच्या डोक्याला टेकलं आणि दोन्ही टोकांच्या सांडव्यांवरून कोसळू लागलं. दोन बाजूंना दोन धबधबे आणि मधे ठकूची चूल. माळावरून पाटील ओरडत होता, बायका गळे काढून हाका मारत होत्या. सटवाजी उठून उभा राहिला. ठकूच्या तव्यावर भाकरी होती. तिनं ती उलटली.

"बसा, गवंडीदादा. भाजली न्हाई अजून."

सटवाजी बसला. दोघांनी ती भाकरी अर्धी अर्धी खाल्ली. असं म्हणतात की त्या दिवशी दोन्हीकडून तुषार उडत असूनही चूल विझली नाही. आपण कुठं पाहायला गेलो होतो? पण भिंत हलली नाही, हे तर आजही जाऊन बघता येतं.

पाऊस उघडला तेव्हा हैबती पाटील एकटाच खाली उतरला. त्यानं तड्यावर तळहात ठेवला. हात कोरडा निघाला. तिथं तडा नव्हताच, खालपासून वरपर्यंत बोटभर रुंदीची पांढरी रेघ होती. तो आडदांड माणूस भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून त्यानं ठकूला विचारलं, काय देऊ? जमीन माग, मान माग.

ठकू म्हणाली, "मला काय नगं. पर हितनं म्होरं ह्या गावात जो कोन काय बांधंल, त्यानं त्याच्याखाली बसून जेवायचं. गावाच्या आधी त्यानं."

ठकूचं देऊळ नाही, समाधी नाही. ती कधी गेली तेही नीट कुणाला सांगता येत नाही. पण हस्त लागला की हिवरतळ्यात एक दिवस घरच्या चुली पेटत नाहीत. बायका तवे घेऊन भिंतीखाली जातात, भिंतीकडं पाठ करून भाकऱ्या थापतात, आणि पहिली आमटी बिनमिठाची करून सगळ्यांना चमचाभर वाढतात. पोरं तोंडं वाकडी करतात, तरी गिळतात.

आणि दुसरा नेम तर कुणाला चुकलेला नाही. शाळा झाली, गवंडी वर्गात जेवला. ओढ्यावर पूल झाला, बांधणारे पुलाखाली पंगत धरून बसले. अलीकडं गावात पाण्याची उंच टाकी झाली. कंत्राटदार गाडीतून आला, हार घालून घेतला आणि घड्याळ बघायला लागला. टाकी भरलेली होती. लोकांनी टाकीच्या बरोबर खाली पाट मांडला, ताट वाढलं. कंत्राटदार म्हणाला की आज आपला उपास आहे. कसला उपास, ते त्याला सांगता आलं नाही. गावानं ताट उचललं, टाकी रिकामी केली आणि आडाचं पाणी प्यायला सुरुवात केली.

वर्तमानपत्रात बातमी नको म्हणून असेल किंवा त्याच्या मनाला लागलं म्हणून असेल, महिन्याभरानं तो माणसं घेऊन परत आला. टाकीला टेकू लावून चारही कच्चे खांब त्यानं एकेक करून फोडले आणि नव्यानं भरून घेतले. या वेळी स्वतः उन्हात उभा राहून. टाकी पुन्हा भरली. पाट पुन्हा मांडला. तो खाली बसला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि ठेचा आणखी आहे का म्हणून विचारलं.

तेव्हा कुठं गावानं नळ सोडला.