ठिपकूचं घर गळाला

खाडीच्या काठी एक खेकडा होता. अगदी इटुकला. तुझ्या नखाएवढा. त्याचं नाव ठिपकू.

ठिपकूच्या पाठीला कवच नव्हतं. पाठ मऊ मऊ, लोण्यासारखी. म्हणून तो एका शंखात राहायचा. शंख हेच त्याचं घर.

एके दुपारी ठिपकूची पाठ खाजली. तो घरातून बाहेर आला. दगडाला पाठ घासली. घस घस. घस घस.

तेवढ्यात... सुंई!

काठावर मासे धरायला आलेल्या धाकूतात्यांनी गळ फेकला. गळात अडकला शंख. शंख उडाला आणि भर खाडीत पडला. बुडुक!

"माझं घर!" ठिपकू ओरडला.

तात्या काठीवरची चक्री फिरवायला लागले. चक्री फिरते, दोरा गुंडाळते, गळ परत येतो. पण मघाशी तात्यांनी चक्री वाळूत ठेवली होती. वाळू आत शिरली होती.

खर्र, खर्र, खट्! चक्री अडकली.

वाळू धुवायला तात्यांनी ती खाडीच्या खाऱ्या पाण्यात बुचकळली. बुडुक बुडुक. शेजारची जनीमावशी टोपली घेऊन चालली होती. म्हणाली, "काय ओ तात्या, आमटी खारट झाली की वर मीठ घालता वाटतं?"

"गप गं, जने!" तात्या म्हणाले. जनीमावशी हसत हसत गेली.

खर्र, खट्!

तात्यांनी दोरा हाताने ओढला. दोरा फार बारीक. चर्र! बोट कापलं. तात्या धोंड्यावर बसले. डोक्याला हात लावून बसले ते बसलेच.

होडीवर होता एक कावळा. म्हणाला, "काव! मऊ दिसतोस, खायला बरा. घर नाही ना? बसतो मी."

ठिपकू घाबरला. निघाला. तुरु तुरु, तुरु तुरु.

आला चक्रीपाशी.

"चक्री, चक्री, फिर ना! घर येईना!"

चक्री म्हणाली, "मी नाही फिरत. माझे दात कोरडे. आधी तेल येऊ दे."

कावळा होडीवरून खांबावर आला. "काव! बसतो मी."

तुरु तुरु, तुरु तुरु. तात्यांच्या पिशवीत तेलाची बाटली.

"तेला, तेला, आत जा ना! चक्री फिरेना, घर येईना!"

तेल म्हणालं, "मी नाही जात. आत वाळू आहे. माझा चिखल होईल. आधी वाळू निघू दे."

कावळा खांबावरून दोरीवर आला. "काव! बसतो मी."

तुरु तुरु, तुरु तुरु. पुन्हा चक्रीपाशी. फटीतून आत पाहिलं. वाळू चमकली.

"वाळू, वाळू, नीघ ना! तेल जाईना, चक्री फिरेना, घर येईना!"

वाळू म्हणाली, "मी नाही निघत. खाऱ्या पाण्यानं मी चिकटले. आधी गोडं पाणी येऊ दे."

कावळा दोरीवरून पायरीवर आला. "काव! बसतो मी."

ऊन कडक. पाठ भाजली. तुरु तुरु, तुरु... तुरु. पायऱ्यांवर रांजण. रांजणात गोडं पाणी.

"पाणी, पाणी, हल ना! वाळू निघेना, तेल जाईना, चक्री फिरेना, घर येईना!"

पाणी म्हणालं, "मी नाही हलत. मला पाय आहेत का? आधी करवंटी येऊ दे."

कावळा पायरीवरून रांजणावर आला. "काव! बसतो मी."

तुरु... तुरु. रांजणामागे करवंटी पालथी पडलेली.

"करवंटी, करवंटी, ऊठ ना! पाणी हलेना, वाळू निघेना, तेल जाईना, चक्री फिरेना, घर येईना!"

करवंटी म्हणाली, "मी नाही उठत. मला हात आहेत का? आधी तात्यांना उठू दे."

कावळा रांजणावरून खाली आला. टुण्. ठिपकूपासून एकाच उडीवर. "काव! बसतो मी."

तु... रु. तु... रु. ठिपकू तात्यांपाशी आला.

"तात्या, तात्या, उठा ना! करवंटी उठेना, पाणी हलेना, वाळू निघेना, तेल जाईना, चक्री फिरेना, घर येईना!"

तात्यांनी मान वर केली नाही. "मी नाही उठत. बोट कापलं. चक्री मोडली. आता काही होत नाही. जा."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

ठिपकू रडला नाही. रडायला पाणीच उरलं नव्हतं. कावळ्याची सावली अंगावर पडली. ठिपकू तात्यांच्या पायाच्या अंगठ्याखाली शिरला. मऊ मऊ पाठ आत घेतली. इवल्या नांगीनं अंगठा धरला. घट्ट.

तात्यांनी खाली पाहिलं.

"अरे! तू तर उघडाच! तुझं घर कुठंय?"

"गळाला."

"कुणाच्या गळाला?"

"तुमच्या."

तात्यांनी खाडीकडे पाहिलं. मग ठिपकूकडे पाहिलं.

"मीच फेकलं होय रे?" तात्या म्हणाले.

आणि तात्या उठले.

तात्या उठले, करवंटी उठली. करवंटी उठली, पाणी हललं. तात्यांनी चक्रीचा स्क्रू काढला, झाकण उघडलं. पाणी आत गेलं, खळ खळ खळ! वाळू निघाली. तात्यांनी फडक्यानं पुसलं, फुंकर घातली, फूऽऽ! तेल आत गेलं. एकच थेंब. टिप्! झाकण लागलं. आणि चक्री फिरली.

किर्र किर्र किर्र!

दोरा आला, गळ आला, गळाला शंख आला.

घर आलं!

तात्यांनी गळ हळूच सोडवला. शंख खाली ठेवला. ठिपकू आत शिरला. सुळूक! नांगीनं दार लावलं.

कावळा आला. चोच मारली. टक् टक्.

"घरी कोण आहे?"

"मी आहे!" ठिपकू म्हणाला.

कावळा उडून गेला. भुर्र!

तात्यांनी चक्री वाळूत नाही ठेवली. मांडीवर ठेवली.

ठिपकूला मिळालं ठिपकूचं घर. आता तू ये माझ्या मांडीवर.