मिरच्यांच्या वाळवणात विमान

एकदा एक तरुण, निरंजन त्याचे नाव, छोटेसे विमान काखोटीला मारून आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला. गुरुजींनी आयुष्यभर जमिनी मोजल्या होत्या. शिष्याचे विमान घारीपेक्षा थोडेच मोठे, पण माणसावाचून उडणारे आणि वरून जमिनीची छायाचित्रे टिपणारे. निरंजनला त्याने गावच्या तलावाची मोजणी करायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरपंच नारळ घेऊन तलावाकाठी हजर झाले. निम्मा गाव लोटला. गुरुजींनी मात्र विमानाकडे पाहिलेसुद्धा नाही. शेजारच्या एकुलत्या एक सपाट जागेवर एका शेठजींच्या मिरच्या वाळत होत्या. गुरुजी तिकडे गेले, शेठजींची मनधरणी केली आणि फावड्याने मिरच्या बाजूला सारू लागले.

निरंजनला चारचौघांत ओशाळल्यासारखे झाले. "गुरुजी, आपल्याला वर जायचंय! मिरच्यांशी आपलं काय काम?"

"जरा दम धर," गुरुजी शिंकत म्हणाले.

पण नारळ फुटला, टाळ्या पडल्या आणि निरंजनला राहवले नाही. त्याने विमान हातानेच आभाळात भिरकावले. ते डौलात तलावावर गेले, येरझाऱ्या घालून मोजणी पुरी करून परतले. बॅटरी संपत आली, तेव्हा कुठे निरंजनने खाली पाहिले. इकडे बाभळी, तिकडे खडक, मध्ये माणसे!

"अरे, घटकाभर वरच थांबव की!" सरपंच म्हणाले.

"हे थांबत नाही हो! थांबलं की पडतं!" निरंजन रडकुंडीला आला.

"इकडे आण!" गुरुजी फावडे उंचावून ओरडले.

तोवर त्यांनी चिंचोळी पट्टी मोकळी केली होती. विमान पोटावर टेकले, घसरत पुढे गेले आणि थेट मिरच्यांच्या ढिगात घुसले. लाल धुरळा उडाला. सारा गाव शिंकू लागला. शेठजी शिवी द्यायला तोंड उघडत आणि ऐन वेळी शिंक येई. विमान मात्र शाबूत राहिले.

गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "बाळा, चढण्याचं कौतुक करायला गाव जमतो. उतरायची जागा ज्याची त्यालाच झाडून ठेवावी लागते. आणि ती बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असते, म्हणून आधी चार शब्द गोड बोलावे लागतात."

निरंजन शेठजींशेजारी बसून मिरच्या वेचू लागला. दुपारी शेठजींनी नाक ओढत त्याच्यापुढे ताकाचा पेला सरकवला.

भाषणाला उभे राहणाऱ्या आम्हा मंडळींनीही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही: सुरुवात टाळ्यांत होते, पण संपवायची जागा आधीच शोधून ठेवावी लागते.