चौघांची ऐसपैस खोली

परळच्या गजबजलेल्या नाक्यावर बार्शीच्या अनसूयाबाई स्वस्तातली खोली शोधत होत्या. सोबत नवरा, मुलगी आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आणलेल्या सासूबाई.

"फॅमिली रूम आहे. चौघं ऐसपैस झोपतात," एका लॉजचे मॅनेजर कामेरकर त्यांना घेऊन खोलीत शिरत तोऱ्यात म्हणाले. "पटत नसेल, तर फुटपाथ मोकळा आहे."

"आम्ही जागा आडवं होऊन पसंत करतो," म्हणत अनसूयाबाईंनी दार लावलं, सतरंज्या अंथरल्या, सगळ्यांना झोपवलं आणि स्वतः दाराला पाय टेकून आडव्या झाल्या. आतच अडकलेले कामेरकर खिडकीला चिकटले.

"अहो, खाली गिऱ्हाईक खोळंबलंय! उठा, दार आत उघडतं."

"उठायचं कशाला? चौघं ऐसपैस झोपलोय. तुम्ही खुशाल जा."

कामेरकरांनी पाऊल उचललं, पण ठेवायला जागाच मिळेना.

"डोळ्याला पट्टी बांधल्यावर म्हातारीनं रात्री बाहेर कसं जायचं, ते तुम्ही आधी जाऊन दाखवा," अनसूयाबाई म्हणाल्या.

कामेरकरांनी खिशातून कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीची किल्ली काढली. "भाडं हेच. आता तरी उठा, बाई!"

सासूबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या, "किल्ली घे गं, पण तिथंही आधी साहेबांनाच खिडकीशी उभं कर."