हौसाच्या केसांचं पाखरू

फार मागची गोष्ट आहे. नदीवर पूल नव्हता, धरणाचं कुणी नावही काढलं नव्हतं, त्या काळातली. मावळात धावरी नावाची नदी होती. तिच्या काठी करंजकोंड हे भोयांचं गाव आणि गावाच्या खाली एक डोह. त्या डोहात खडस मासे असत. खडस म्हणजे नदीचा पाटीलच. अंगावर तळहाताएवढे सोनेरी खवले आणि अक्कल माणसापेक्षा जास्त. गळाला गांडूळ लावा नाहीतर कणीक लावा, खडस ढुंकून बघायचा नाही.

त्या खडसाला फसवणारा एकच माणूस होऊन गेला. त्याचं नाव गोमा भोई. एरवी तो होडीतून लोकांना नदीपार न्यायचा.

गोमाची विद्या निराळी होती. तो गळाला आमिष लावतच नसे. गळावर पिसं आणि लोकर बांधून तो खोटे किडे करायचा आणि त्यांना पाखरं म्हणायचा. कोंबड्याच्या मानेवरच्या तांबड्या पिसाची केली ती उधईबाय. खंड्याच्या निळ्या पिसाची केली ती चतुरीण. आणि सगळ्यांत लाडका उंबरकर. तो मेंढीच्या लोकरीचा, करवंदाच्या रसात भिजवलेला, कारण डोहावर उंबर होता आणि पिकली उंबरं टपकू लागली की खडस वर यायचे. गोमाचं पाखरू पाण्यावर पडलं की वरून उडणारी पाकोळी त्याच्यावर झडप घालायची, असं म्हणतात.

त्याची काठी मेसाची होती, भरीव बांबूची. वाकेल पण मोडणार नाही अशी. तिला करंजाचं तेल पाजून त्यानं ती चुलीवरच्या धुरात वर्षभर टांगली होती. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची, काठीपाशी जाड आणि टोकाला जाता जाता एका केसावर आलेली. पाखरं ठेवायला वाळलेल्या दुधीची कुपी होती. गोमा एक वेळ जेवायचं विसरायचा, पण कुपी विसरायचा नाही.

पाखरू बांधायला माणसाला दोन हात पुरत नाहीत. गोमाचा तिसरा हात म्हणजे त्याची बायको, हौसा. तो गळ चिमटीत धरून पीस गुंडाळायचा आणि दोऱ्याचं टोक हौसा दातांत ताणून धरायची. तेवढा वेळ तरी घरात शांतता असते, असं गोमा चारचौघांत सांगायचा. दोरा सुटला की हौसा त्याचं उट्टं काढायची.

"नटवा, नटवा सवतीला," ती म्हणायची. "मला कदी येवढी पिसं लावली न्हाईत तुमी."

"तुला लावली आस्ती तर माझ्या घरात ऱ्हायली आस्तीस व्हय?" गोमा म्हणायचा.

घरात ती दोघंच होती आणि दोघांना ते पुरत होतं.

मग एका श्रावणात हौसाला ताप भरला. नदी दुथडी वाहत होती आणि वैद्य पलीकडच्या गावात. ज्यानं जन्मभर लोकांना पैलतीरी नेलं, त्या गोमाला स्वतःच्या बायकोसाठी नदी ओलांडता आली नाही. त्यानं होडी घातली की पाणी ती परत काठावर आणून टाकायचं. पूर उतरायच्या आत हौसा गेली.

करंजकोंडात एक रीत होती. बायका विंचरताना निघालेले केस फेकत नसत. गुंता बोटावर गुंडाळून छपराच्या वाशात खोचून ठेवत. बाई गेली की तिचे हे सगळे केस तिच्याबरोबर सरणावर जात. केस मागे राहिले तर बाई त्यांच्यापाशी अडकते, तिला पुढची वाट दिसत नाही, असं म्हणतात. भीमाय नावाची म्हातारी सुईण हे काम बघायची. तिनं हौसाच्या घरातले वासे चाचपले, तर वाशात काहीच नव्हतं.

"गोमा, केस कुटं हाईत रं?"

"उंदरानं नेलं आसतील," गोमा म्हणाला.

भीमाय त्याच्याकडे बघत राहिली. पण प्रेत दारात होतं, पाऊस कोसळत होता आणि अशा माणसाशी अशा वेळी वाद कोण घालणार? केस गोमाच्या कुपीत होते.

त्याला चोर म्हणू नका. हौसाचं म्हणून घरात उरलं तरी काय होतं? लुगडं तिच्या अंगावर गेलं, बांगड्या हातात गेल्या. एवढा एक केसांचा गुंता राहिला होता आणि त्याला तिच्या माक्याच्या तेलाचा वास होता.

पावसाळा सरला. गोमा जेवेना, कुणाशी बोलेना. हात मात्र त्याचे रिकामे बसेनात. एके दिवशी त्यानं दोऱ्याचं टोक स्वतःच्याच दातांत धरलं आणि हौसाच्या केसांचं पाखरू बांधलं. काळेभोर पंख, उन्हात धरले तर किंचित तांबूस. वारा नसताना ते तळहातावर थरथरायचं, असं म्हणतात. ते पाण्यात टाकायचा त्याचा विचार नव्हता. तो नुसता ते हातात घेऊन उंबराखाली बसून राहायचा.

पण जन्मभराची सवय माणसाला सोडत नाही. एका सकाळी पाणी निवळशंख होतं, आणि गोमाच्या मनानं घेतलं की ही पाण्यावर कशी दिसते ते एकदाच बघावं आणि लगेच परत घ्यावी. त्यानं पाखरू दोरीला बांधलं आणि टाकलं. ते पाण्यावर टेकलं तेव्हा तरंगसुद्धा उठला नाही. आणि डोहाच्या तळातून, कुणी कधी पाहिली नव्हती एवढी मोठी खडशीण वर आली, तिनं पाखरू तोंडात घेतलं आणि ती वळली. गोमानं काठी उचलली. टोकाचा एक केस तो, किती ताण सोसणार? दोरी तुटली.

दुसऱ्या दिवशी धुणं धुणाऱ्या बायका ओरडतच गावात आल्या. हौसाच्या दगडापाशी, जिथं ती रोज धुणं धुवायची तिथं, एक खडशीण येऊन उभी राहिली होती. तिच्या ओठात गळ होता आणि गळाला काळे केस. लांबून बघणाऱ्याला ती नथ वाटायची.

भीमाय काठी टेकत डोहावर आली. तिनं मासा पाहिला, गोमाचं तोंड पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"जितं केस तितं बाई," ती म्हणाली. "आगीतनं सुटायची, तर पाण्यात आडकवलीस व्हय रं तिला? आता तूच काड तिला. ते केस आन नि जाळ, तवा ती वाटंला लागंल."

त्या दिवसापासून गोमाला दुसरं काम राहिलं नाही. त्यानं उंबरकर टाकला. खडशीण वर आली, बघून माघारी गेली. उधईबाय टाकली, चतुरीण टाकली, कुपीतली सगळी पाखरं एकामागून एक टाकली. ती प्रत्येकाला वर यायची आणि प्रत्येकाला ओळखायची. त्यांचा दोरा तिनंच दातांत धरला होता, तिला काय फसवणार? नवीन बांधावं, तर तिसऱ्या हाताशिवाय पाखरं वेडीवाकडी व्हायची आणि खडस अशा पाखरांकडे फिरकतही नाही. अशी वर्षं गेली. गळ पाण्यात गंजतो, पण तो गळ गंजला नाही आणि केसही कुजले नाहीत, असं म्हणतात.

शेवटी गावाला दया आली. सगळ्या भोयांनी मिळून डोहाला जाळं घातलं आणि ओढत ओढत काठाशी आणलं. खडशीण जाळ्यात होती. ती पाण्याबाहेर आली, तोंड उघडमिट करू लागली, आणि गोमाला ऐकू आलं, "अवं!" हौसा त्याला तशीच हाक मारायची. बाकी कुणाला काही ऐकू आलं नाही. बाकीच्यांनी एवढंच पाहिलं की गोमानं कोयता उचलला आणि जाळं उभं फाडलं. खडशीण पाण्यात गेली.

"आरं, घटकाभर सोसायचं व्हतं!" भीमाय कपाळ बडवत रडली. "सुटत व्हती की ती. तुझ्यानं येवढंबी सोसवंना?"

गोमानं तिची तडफड एकदा नुसती बघत सोसली होती, वैद्याच्या वाटेत पूर होता म्हणून. या वेळी वाटेत काही नव्हतं, हातात कोयता होता. त्या दिवसानंतर गाव त्याच्या मदतीला आलं नाही, आणि गावाला बोल लावता येत नाही.

मग गोमानं पाखरं बिनगळाची करायला घेतली. नुसतं पीस, नुसता दोरा, आत लोखंड नाही. आणि नवल असं की त्या पाखरांना ती यायची. हळूच तोंडात घ्यायची आणि सोडून द्यायची. गळ असला तर ती येणार नाही आणि गळ नसला तर ती हाती लागणार नाही, हे गोमाला पक्कं ठाऊक होतं. तरी तो रोज टाकत राहिला. तेवढीच भेट. पाठीला बाक आला, नजर गेली. पाखरू कुठं पडलं ते दिसेना, तेव्हा काठीला बसलेल्या हलक्या ओढीवरून त्याला कळायचं की ती आली.

एके दिवशी ओढ बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आंधळ्या गोमानं काठी खडकावर ठेवली आणि हातांनी चाचपत तो डोहात उतरला. तो वर आला नाही. पुढं कितीतरी वर्षं एक खडशीण त्या दगडापाशी दिसत राहिली, आणि तिच्या ओठात ती नथ तशीच होती, असं म्हणतात. म्हणजे गोमाला ती अखेरपर्यंत सापडली नाही. कुणी म्हणतं, तो अजून पाण्यात चाचपडतोय. कथा सांगणाऱ्यांनी या दोघांची भेट घालून द्यायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण करंजकोंडातली माणसं ते ऐकून घेत नाहीत.

आज तिथं कुणी पिसांची पाखरं बांधत नाही. मासेमारी जाळ्यानं चालते आणि डोहही पूर्वीएवढा खोल राहिलेला नाही. पण गावात कुणाची बायको गेली की प्रेत उचलायच्या आधी म्हाताऱ्या बाया नवऱ्याला घेरून उभ्या राहतात. त्याचं नाव काही का असेना, त्या घडीला त्याला गोमाच म्हणतात.

"मूठ उघड, गोमा."

तो उघडत नाही. मग त्या त्याची बोटं एकेक करून सोडवतात, रागानं नाही, हळू. आणि मुठीत काही सापडलं नाही असं आजवर एकदाही झालेलं नाही, असं म्हणतात.